भिंतीकडची वाटी

रिकाम्या वाटीतून उष्णता येत होती. ज्योत्स्नानं डोळे चोळून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. सरळ राहायला हवी ती रेघ वर चढत होती.

रसायनं मिसळली की किती उष्णता निघते, ते मोजायचं यंत्र ती अकोल्यात बनवत होती. चांगली नोकरी सोडून, चार लोकांची बोलणी खाऊन. धातूच्या ठोकळ्यात दोन जुळ्या वाट्या. एकीत रसायन, दुसरी रिकामी, आणि दोघींतला फरक पडद्यावर. आत्ता तर दोन्ही रिकाम्या होत्या. दुपारी अमरावतीच्या कॉलेजातले लोक यंत्र पाहायला येणार, आणि या यंत्रबाबाला आजच हे सुचलं. ते नापास झालं तर गाशा गुंडाळायचा, असं तिनं घरी कबूल केलं होतं.

"बाई, याच्यावरून निंबू उतरव," तिचा भागीदार विपुल म्हणाला. "कोनी तरी बसून राहिलं त्या वाटीत."

ज्योत्स्नाला हसू आलं नाही. दोघांनी ठोकळा उचलून अर्धा गोल फिरवला. तशी उष्णता दुसऱ्या वाटीत दिसायला लागली. दोन्ही वेळी भिंतीकडची वाटीच तापत होती.

तिनं भिंतीला तळवा लावला. एवढ्या थंडीत भिंत कोमट होती, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

"विपुल, यंत्र खरं बोलून राहिलं!" तिला इतका आनंद झाला की विचारू नका.

"ते ठीक हाय. पन भिंतीच्या पलीकडं काय हाय?"

पलीकडे सरकीचं गोदाम होतं. अवकाळी पावसात भिजलेली सरकी तशीच ढीग करून ठेवलेली. ओली सरकी आतल्या आत तापत जाते आणि वरून काही म्हणता काही दिसत नाही, हे ज्योत्स्नाला कोणी सांगायला नको होतं. ती पळतच सुटली.

गोदामातल्या बाया ढिगावरच शिदोऱ्या सोडून बसल्या होत्या. हवेत करपल्यासारखा वास होता. ढीग उकरला, आत वारा शिरला, की भडका उडणार. ज्योत्स्नानं आवाज चढवला नाही.

"मावशी, ढीग न हलवता खाली या. साऱ्या जणी."

सगळ्यांत वर बसलेल्या इंदूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल माय. नातीले ढिगाच्या मंधात खड्डा करून निजवलं. तिथं लय ऊब हाय."