बिनमिरचीचा कोपरा

"नळ्या कसल्या भरत बसलीयेस? तेवढ्यात पोळ्या झाल्या असत्या," हे माझ्या कानाशी पुटपुटले.

"शर्वीला आवडतात," मी म्हटलं. नातीचं नाव काढलं की हे गप्प होतात.

पास्त्याच्या उकडलेल्या नळ्यांत पनीर-चीजचं सारण चमच्याने जाईना, म्हणून मी चकलीचा सोऱ्या काढला. ट्रेच्या एका कोपऱ्यातल्या नळ्या बिनमिरचीच्या केल्या. तो कोपरा तिचा. घटस्फोटात कोर्टाने नात सुनेकडे दिली आणि आम्हाला रविवार दिला. पण रविवार आला की तिला सर्दी व्हायची, नाहीतर मैत्रिणीचा वाढदिवस निघायचा. पोर खरंच इतकी आजारी असती, तर मी केव्हाच डॉक्टर बदलायला लावला असता. पण मुलगा कारण सांगायचा आणि आम्ही मान डोलवायचो.

आजही तो एकटाच आला. "खोकला आहे तिला," चपला काढता काढता म्हणाला.

वरचं चीज छान तांबूस झालं होतं. बापलेक मधल्या नळ्या घेत राहिले. कोपऱ्याला कुणी चमचा लावला नाही. शेवटी मीच तो कोपरा डब्यात भरायला घेतला.

"जाताना तिला दे. गरम करून खा म्हणावं."

त्याने डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"आई, मागचे डबेही मीच गाडीत बसून संपवले. तिला खोकला वगैरे काही नाहीये. तिलाच आपल्याकडे यायचं नाही."