आप्पांची पेटी आणि कोंबड्याची शेपटी

आप्पांची पेटी पूर्ण झाली. हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जावं. घरात असं काही घडल्याचं कोणालाच आठवत नाही.

पेटी शिसवाची, काळीभोर. झाकणावर फिकट पिवळ्या लाकडाचे तुकडे जडवून केलेला कोंबडा. कोंबडाच का, असं मुलानं विचारलं होतं. "आयुष्यभर या घराला उठवलं कोणी?" असं उत्तर आलं. आत ठेवायचा ऐवज म्हणजे खुद्द आप्पा, अर्थात त्यांची राख. ऐवज अजून खाटेवर पडून सगळ्यांवर खेकसत होता, एवढीच काय ती अडचण.

आप्पांनी जन्मभर इतरांसाठी जडावाच्या पेट्या केल्या. कोणी त्यात दागिने ठेवले, कोणी जुनी प्रेमपत्रं, एकानं तर नकली दात. "आणि मी पत्र्याच्या डब्यात जाऊ? ज्याचं झाकणसुद्धा नीट बसत नाही?" त्यांनी मुलाला विचारलं. "पेटी बघितल्याशिवाय मी हलणार नाही. माप न घेता कपडा शिवलाय का कधी कोणी?"

डॉक्टरांनी तोवर हात टेकले होते. घरी न्या, म्हणाले, आवडीचं काय ते द्या. आप्पांच्या आवडीची गोष्ट एकच. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं. मुलानं त्यांची खाट थेट कामाच्या खोलीत, रंध्याच्या टेबलाशेजारी आणून टाकली, आणि आवडीचं रोज ताजं ताजं मिळू लागलं.

कारण मुलाचा हात अचानक बिघडला. आधी बिजागरी वाकडी बसली. मग कोंबड्याचा डोळा मानेवर आला. मग झाकण आणि पेटी यांच्यात अशी फट राहिली की तिला दार म्हणायला हरकत नव्हती.

"अरे गाढवा," आप्पा उशीवरून अर्धे उठत म्हणाले, "माझी राख काय पाय मोकळे करायला बाहेर जाणार आहे?"

"उद्या नीट करतो, आप्पा."

"उद्या! याच्या उद्यावर मी जगतोय." असं म्हणून ते पेजेची वाटी संपवायचे. रागावल्यावर त्यांना भूक लागायची. डॉक्टर येऊन नाडी बघायचे, पेटी बघायचे, आणि पुन्हा नाडी बघायचे.

सुनेला मात्र कोडं पडलं. त्याच टेबलावर, त्याच हातांनी, गिऱ्हाइकांच्या पेट्या तयार होत होत्या. त्यांच्या सांध्यात नखसुद्धा शिरत नव्हतं.

"अहो, लोकांचं एवढं सुबक, आणि बापाच्या पेटीचा हा असा भोपळा?"

"घरचं काम करायची सवय नाही मला," मुलगा म्हणाला. हे तिला लगेच पटलं. स्वयंपाकघरातलं फडताळ लग्नापासून एका पायावर उभं होतं.

शेवटी कितीही चुका केल्या तरी पेटी लहानच होती. चुका करायला जागा उरेना. राहिलं ते कोंबड्याच्या शेपटीतलं एक पीस. मुलानं ते कापलं, घासलं, आणि बसवायचं सोडून नुसतं झाकणावर ठेवून दिलं. चिकटवायचा सरस चांगला उकळला नाही, म्हणाला. मग म्हणाला, हवा दमट आहे. मग कारणंही संपली, तेव्हा एका गिऱ्हाइकाची पेटी पोचवायला निघून गेला. जाताना आप्पांची पेटी रोजच्यासारखी तपासणीसाठी त्यांच्या मांडीवर ठेवली. सरसाचं भांडं त्यांच्या हाताशी राहिलं. ही मात्र त्याची खरी चूक.

परत आला तेव्हा पीस बसलेलं होतं. बोट ठेवायला जागा नव्हती. काळ्या लाकडातून ते जणू उगवलंच होतं. आप्पांच्या बोटांवर सरस वाळत होता.

"तुझ्यानं व्हायचं नव्हतं ते," आप्पा म्हणाले. आवाजात खेकसणं अजिबात नव्हतं, तेव्हा मुलगा घाबरला. "मुद्दाम चुकणाऱ्याला काय शिकवायचं? पहिल्या वाकड्या बिजागरीलाच कळलं होतं मला. पण मजा येत होती. आता दमलो रे."

मुलगा खाटेच्या कडेवर बसला. पेटी उजेडात धरली, तिरकी केली. पिसावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"लाकडाची रेष आडवी गेलीय, आप्पा."

सून भांडी घासायची टाकून दारात आली. आप्पांच्या कामात आजवर कोणी खोट काढली नव्हती. काढायला गेलेला एक भागीदार धंदा सोडून गेला होता.

"तुम्हीच सांगता ना. रेष आडवी गेली की लाकूड फुगतं, वर येतं. काढावं लागेल."

आप्पांनी पेटी डोळ्यांजवळ नेली. रेष सरळ होती. पिसाच्या देठापासून टोकापर्यंत, सुतासारखी सरळ. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग मुलाकडे.

"गेलीय खरी," ते म्हणाले. "म्हातारा झालो मी. सूनबाई, पाणी उकळत ठेव. वाफेनं सरस सुटेल. आणि पेज आण, हा गाढव आता घोळ घालणार."

पीस काढायला पटाशी उचलण्याआधी मुलानं एक काम केलं. दुकानाच्या दारावर एक जुनी पाटी होती. आप्पांनीच रंगवलेली, आणि एकाही गिऱ्हाइकानं कधी न जुमानलेली. ती त्यानं काढून आणली आणि खाटेच्या उशाशी, बाहेरून येणाऱ्याला आधी तीच दिसेल अशी, ठोकून टाकली :

'काम दुरुस्तीसाठी उघडले आहे. तयार झाल्यावर आम्हीच कळवू. तोपर्यंत कृपया कोणीही न्यायला येऊ नये. हुकमावरून.'