ताकदीची गोळी

लग्न ठरवताना उज्वलाच्या वडिलांनी दोनदा विचारलं होतं आणि केवळाबाईनं दोन्ही वेळा छातीठोकपणे सांगितलं होतं, "पोराच्या अंगात कसलाच आजार न्हाई." लेकाला, सुदर्शनला, रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं एक गोळी द्यायची. नव्या सुनेला म्हणायची, "ताकदीची हाय."

दुसऱ्या लाटेत सुदर्शनला चाकूरहून लातूरच्या कोविड सेंटरला हलवलं. नर्सनं विचारलं, "शुगर, बीपी?" उज्वलाचे वडील शेजारीच उभे होते. "काहीच न्हाई, धडधाकट हाय," केवळाबाईनं घाईघाईनं सांगून टाकलं. ऑक्सिजनच्या मास्कमागून सुदर्शन आईकडं नुसता बघत राहिला.

स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. पाचव्या दिवशी त्याची शुगर सहाशेवर गेली. आठव्या दिवशी तो गेला.

तेराव्याला जमलेल्या चार माणसांसमोर केवळाबाईनं तोंड सोडलं. "ही अवदसा घरात आली अन् वरसाच्या आत माझं लेकरू गिळून बसली."

माणसं उठून गेल्यावर उज्वलानं गोळ्यांचं उरलेलं पाकीट सासूच्या पुढ्यात ठेवलं. "मेडिकलवाल्याला दाखवून आले, आत्याबाई. ही शुगरची गोळी हाय. दवाखान्यात का न्हाई सांगितलं?"

केवळाबाईनं पाकीट पदराखाली सारलं.

"सांगणारच हुते. तुझा बाप उभा हुता तिथं."