टायर घासते का?

शिवमनं गाडीची उंची आधीच कमी करून घेतली होती, त्यात आता रुंद टायर बसवले. राजापेठचा मिस्त्री म्हणाला, "मांगच्या सीटवर दोन मानसं बसवून पाह्य, वजनानं टायर घासते का."

शिवमला धीर कुठला! घरी पोचताच त्यानं अंगणातूनच हाक मारली, "आई, बाबा, गाडीत बसा लवकर!"

दोघांना यायला वीस मिनिटं लागली. गाडी घेतल्यापासून ते पहिल्यांदाच तिच्यात बसले. वैतागलेल्या शिवमनं वाकून टायरच्या वरच्या फटीत बोट घातलं. ते आरामात फिरलं.

"जमलं! उतरा आता."



ठेवणीतली साडी नेसलेल्या आईनं मांडीवरची ओटीची पिशवी सावरली. "कावून रे, अंबादेवीले नाही जाऊन राहिलो का आपण?"