यादीतलं पहिलं नाव

फाटकाने मालकांना आत घ्यायला साफ नकार दिला. कार्ड टेकवलं की लाल दिवा लागायचा आणि खाली अक्षरं उमटायची, ‘नाव यादीत सापडलं नाही’. मालकांनी कार्ड शर्टाला पुसलं, उलटं धरलं, एकदा तर त्यावर हलकेच फुंकर मारली. दिवा लालच. साबणाच्या कारखान्यातली दोनशेबारा माणसं सकाळीच बिनबोभाट आत गेली होती. कारखाना ज्यांचा, तेवढे एकटे बाहेर राहिले होते.

आतून प्रोग्रामर लॅपटॉप काखेत मारून धावत आली. फाटकाचा प्रोग्राम तिचा, आज त्याचा पहिला दिवस, आणि तिला नोकरीत कायम करायचं की नाही हे मालक आजच ठरवणार होते. गजांच्या आत ती, बाहेर मालक.

मालक सारखे घड्याळ बघत होते. अकरा वाजायला दहा मिनिटं होती. अकराच्या ठोक्याला त्यांचे सासरे यायचे. रोज यायचे. थेट मालकांच्या खुर्चीत बसायचे, साबणाची वडी हुंगायचे आणि सल्ला द्यायचे. सासऱ्यांपुढे तोंड उघडायची मालकांची छाती नव्हती, त्यामुळे सल्ला अमलात यायचा. मागच्या महिन्यातल्या सल्ल्यानंतर साबणाला फेस येईनासा झाला होता. फाटकाचं कार्डही सासऱ्यांनी सगळ्यांच्या आधी मागून घेतलं होतं.

मालकांचं नाव यादीत होतं. पूर्वी ते एकशेचाळिसावं होतं. मालकांचं नाव असं गर्दीत बरं दिसत नाही, म्हणून तिनेच काल संध्याकाळी ते उचलून सगळ्यात वर ठेवलं होतं. तिने यादीकडे टक लावून पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थाप मारायचं तिला सुचलं नाही, म्हणून तिने खरं ते सांगून टाकलं. कॉम्प्युटर जागा शून्यापासून मोजतो. पहिल्या नावाची जागा शून्य, दुसऱ्याची एक. नाव सापडलं की प्रोग्राम त्या जागेचा आकडा कळवतो. आणि तिने फाटकाला शिकवून ठेवलं होतं, की शून्य आलं म्हणजे माणूस यादीतच नाही. आधी पहिल्या जागेवर बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाई होत्या, त्यामुळे चाचणीत ही चूक कोणाच्या लक्षात आली नव्हती.

“म्हणजे जो सगळ्यात वर, तो बाहेर?” मालकांनी विचारलं.

तिने मान खाली घातली. एकच ओळ बदलायची आहे, दोन मिनिटांचं काम, असं ती कसंबसं पुटपुटली. मनातल्या मनात तिने टेबल आवरायला घेतलं होतं.

मालकांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथून काठी आपटत सासरे येत होते. मालकांच्या चेहऱ्यावर, कितीतरी वर्षांनी, मोकळं हसू उमटलं.

“मॅडम, तुम्ही आजपासून कायम. ती ओळ तशीच राहू द्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “फक्त आमच्या सासऱ्यांचं नाव खाली कुठेतरी आहे, ते उचलून माझ्या वर ठेवा. वडीलधाऱ्यांचा मान पहिला.”