म्युनिक की ॲमस्टरडॅम

श्रीपतरावांनी वहीची दोन पानं मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरली. एकावर म्युनिकचा पगार आणि कर, दुसऱ्यावर ॲमस्टरडॅमचा. आयकर कार्यालयात तीस वर्षं काढलेला हा माणूस मुलाच्या नव्या नोकरीपायी आठवडाभर परदेशातले नियम वाचत बसला होता.

"निनाद, आहेस तिथंच राहा. ॲमस्टरडॅमचा पगार मोठा दिसतो खरा, पण ऋता नोकरी करत नाही ना, त्यामुळे जर्मनीत नवरा-बायकोचा कर एकत्र धरला की तुझा कर बराच कमी होतो."

"बाबा, तुमच्या आकड्यापेक्षा माझ्या हातात महिन्याला सहाशे युरो कमी येतात."

"मग माझंच काहीतरी चुकलं असेल," ते ओशाळले आणि चष्मा पुसून पुन्हा आकडेमोड करू लागले. "नाही रे, बरोबर आहे. विवाहितांची सवलत तू मागितलीच नाहीस की काय? वेंधळा तो वेंधळाच राहिलास!"

निनादनं आवाज खाली आणला.

"तुमचं बरोबर आहे, बाबा. ऋता आणि मी गेल्या वर्षी वेगळे झालो. यंदापासून मला एकट्याचा कर लागतो. आईला इतक्यात सांगू नका."

श्रीपतरावांनी म्युनिकच्या पानावर हळूच काट मारली. "मग ॲमस्टरडॅमच बरं," ते कसेबसे म्हणाले.

फोन बंद झाला तशी निनादची आई हात पुसत बाहेर आली. "ठरलं का हो? नव्या गावचं पाणी सूनबाईला मानवेल ना?"

"मानवेल," श्रीपतराव तिच्याकडे न बघताच म्हणाले.