फीत कापेपर्यंत

आरोग्य केंद्राच्या खोलीतल्या नव्या यंत्राने उघड्या दारातूनच जखम पाहिली आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "फुरसं चावलंय. उतारा तयार करतो, बाईंना आत आणा."

पण दाराला लाल फीत बांधलेली होती. उद्घाटनाला मंत्रिसाहेब यायचे होते आणि त्यांची तारीख काही मिळत नव्हती.

"ताई, फितीखालून वाकून नेतो की," बायकोला पाठुंगळी घेतलेला मानसिंग म्हणाला.

नर्स शेवंता गावितने वरच्या साहेबांना फोन लावला. "उद्घाटनाआधी यंत्र वापरलंत तर घरी बसाल," ते म्हणाले. मानसिंगच्या नजरेला नजर न देता तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. जिल्ह्याचं इस्पितळ लांब होतं. बाई घाटातच गेली.

पुढे एकदाचे मंत्रिसाहेब आले. त्यांनी फीत कापली, फोटो निघाले. यंत्राला स्वागताचं भाषण शिकवून ठेवलं होतं, पण मंत्रिसाहेब आत येताच ते म्हणालं, "फुरसं चावलेल्या बाई कुठे आहेत? त्यांचा उतारा कधीचा तयार आहे."

"वा! किती तत्पर!" मंत्रिसाहेब खूश झाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवंतानेही वाजवल्या.